सात आणि आठ : एका बिनसंवादी नाटकाच्या प्रकल्प नोंदी

१२ जून

नाटकाची चौकट आज कागदावर उतरली. रंगमंचावर दोन कोठड्या, मध्ये जाड भिंत. डावीकडे सात नंबरचा कैदी, उजवीकडे आठ नंबरचा. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही आणि शेवटपर्यंत पाहायचं नाही. संवाद एकही नाही. पहारेकरीही दिसत नाही. बुटांचा आवाज आणि दारावरच्या झडपेची खटखट, एवढीच त्याची हजेरी.

देश, साल, गुन्ह्याचं कलम, यातलं काही सांगायचं नाही. सात हा चळवळीतला माणूस, पण धरपकडीनंतर त्याच्याच साथीदारांना वाटतंय की यानेच तोंड उघडलं. त्यामुळे तुरुंगाच्या अंगणात त्याच्या शेजारी कोणी उभं राहत नाही. आठ हा परमुलखातला, हद्द ओलांडताना सापडलेला. त्याची भाषा तिथे कोणालाच येत नाही. एकाला त्याच्या माणसांनी वाळीत टाकलंय, दुसऱ्याची माणसं तिथे नाहीतच. सुटायचंय दोघांनाही.

मला यात एकच गोष्ट घट्ट धरून ठेवायची आहे. ज्याचा चेहरा पाहिला नाही, नाव माहीत नाही, ज्याच्याशी काही ठरलेलं नाही, अशा माणसासाठी कोणी स्वतःवर मार ओढवून घेतो तेव्हा त्या दोघांमध्ये जे असतं त्याला मी मैत्रीच म्हणेन. कथानक त्यातून निघालं पाहिजे, वरून चिकटवलेलं नको.

१६ जून

वाचन. भिंतीवर ठोके देऊन बोलण्याची रीत बरीच जुनी आहे. तिच्यामागची कल्पना ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या लेखनात मिळते, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात. अक्षरांचे पाच गट पाडायचे. डावीकडच्या मशाली गट कोणता ते सांगणार, उजवीकडच्या मशाली त्या गटातलं अक्षर. त्याला हवी होती लढाईतली निरोपांची सोय. पण हा पॉलिबियस स्वतः ओलीस होता. इ.स.पू. १६७ मध्ये सुमारे हजार जणांबरोबर त्याला रोमला नेलं आणि घरी जायची परवानगी मिळाली ती १५० मध्ये. सतरा वर्षं परक्या शहरात काढलेल्या माणसाने टिपून ठेवलेली युक्ती पुढे तुरुंगांच्या कामी आली, हे मला फार जवळचं वाटतं.

रशियात झारविरुद्धचा १८२५ च्या डिसेंबरातला उठाव फसल्यावर त्यात सामील असलेला मिखाईल बेस्तुझेव्ह सेंट पीटर्सबर्गच्या पीटर-पॉल किल्ल्यात बंद होता. शेजारी त्याचा भाऊ निकोलाय. त्याच्याशी बोलायला मिखाईलने ठोक्यांची वर्णमाला रचली. पुढे रशियातल्या राजकीय कैद्यांमध्ये ठोक्यांनी बोलणं हा रिवाजच झाला. १८७४ मध्ये पकडलेल्या क्रोपोत्किन या क्रांतिकारकाने एका तरुण शेजाऱ्याला पॅरिस कम्यूनचा, म्हणजे १८७१ मधल्या पॅरिसच्या उठावाचा, अख्खा इतिहास भिंतीवरून सांगितला. त्याला एक आठवडा लागला.

आणि हनोईचा होआ लो तुरुंग, १९६५. व्हिएतनाम युद्धात पकडलेल्या कार्लाइल हॅरिस या अमेरिकी वैमानिकाला प्रशिक्षणाच्या वेळी ऐकलेलं पाच बाय पाचचं कोष्टक आठवलं आणि त्याने ते बरोबरच्या कैद्यांना शिकवलं. आधी ओळीचे ठोके, मग रकान्याचे. इंग्रजी अक्षरं सव्वीस, म्हणून ‘के’ला रजा देऊन त्याचं काम ‘सी’कडे. नंतर ही माणसं खोकल्यातून बोलली, अंगण झाडताना झाडूच्या फटकाऱ्यांतून बोलली. रात्री निजताना ‘जी’ आणि ‘एन’ एवढी दोन अक्षरं, म्हणजे गुड नाइट. हॅरिस सुटला फेब्रुवारी १९७३ मध्ये.

या सगळ्यात एक गोष्ट सारखी दिसते. सुरुवातीला भिंतीवरून कामाचे निरोप जातात: कोणाला पकडलं, चौकशीत काय विचारलं. मग हळूहळू बिनकामाचं बोलणं वाढत जातं. मला त्या बिनकामाच्या बोलण्यात रस आहे.

१९ जून

आज दिवसभर देवनागरीचं कोष्टक. प्रेक्षक मराठी, नट मराठी, तेव्हा सातची अक्षरंही मराठी.

रोमन लिपी पाच बाय पाचात बसवायला एक अक्षर गाळावं लागतं. आपल्याकडे ही मांडणी हजारो वर्षांपासून तयार आहे. क वर्ग, च वर्ग, ट वर्ग, त वर्ग, प वर्ग; प्रत्येकात पाच. कागद नाही, पेन्सिल नाही, अंधार आहे, तरी हे कोष्टक डोक्यात असतं, कारण ते आपण लिहायला शिकण्याच्या आधी म्हणायला शिकलेलो असतो. क म्हणजे एक-एक. ग म्हणजे एक-तीन. म म्हणजे पाच-पाच.

सहावी ओळ य र ल व श. सातवी ष स ह ळ, आणि उरलेल्या पाचव्या जागी अ.

स्वरांनी घाम काढला. त्यांच्यासाठी आणखी ओळी वाढवल्या तर एकेका अक्षराला इतके ठोके पडतात की शब्द संपेपर्यंत ऐकणारा त्याची सुरुवात विसरेल. शेवटी ठरलं की स्वर ठोकायचे नाहीत, नखाने ओरखडायचे. काना एक ओरखडा, वेलांटी दोन, उकार तीन, मात्रा चार. ओ लिहिताना आपण काना आणि मात्रा देतो, तसंच ओरखडायचं: एक, मग चार. ऱ्हस्व-दीर्घ सोडून दिलं. मोडी लिहिणारे तो भेद पाळत नसत आणि त्यांचा कारभार अडला नाही. सुटा स्वर हवा असेल तर अ ठोकायचा आणि त्यालाच ओरखडे जोडायचे.

सातचा पहिला प्रश्न असेल ‘कोण’. एक-एक, एक ओरखडा, चार ओरखडे, तीन-पाच. संध्याकाळी टेबलावर तो वाजवून पाहिला. शेवटचा ण आला की प्रश्न खरोखर प्रश्नासारखा ऐकू येतो, कारण पाच ठोके लांबत जातात आणि मग काहीच नसतं.

ङ आणि ञ यांना सुट्या अक्षरांचं काम जवळजवळ नाही. त्यांना खुणा केलं. एक-पाच म्हणजे पुन्हा सांग. दोन-पाच म्हणजे थांब, कोणीतरी येतंय.

प्रकाशयोजनाकाराचं म्हणणं पडलं की त, न, र, स, ल ही आपल्या बोलण्यात सतत येणारी अक्षरं या कोष्टकात महाग पडतात, त्यांना वरच्या ओळीत आणावं. हिशेबाने त्याचं बरोबर आहे. न ला नऊ ठोके, ह ला दहा. पण क्रम मोडला की कोष्टक शिकवावं लागतं, आणि भिंतीपलीकडच्या माणसाला कोण शिकवणार? क्रम तसाच राहील.

२० जून

सातचं काम करणारा मुलगा रात्रीत कोष्टक पाठ करून आला. आठचं काम एक ज्येष्ठ नट करताहेत. त्यांना कोष्टक दाखवायचं नाही. त्यांनीच तशी अट घातली: “आठला जे माहीत नाही ते मलाही सांगू नका.”

२६ जून

आठ हा निरक्षर आहे, हे आज पक्कं झालं. सातची भाषा त्याला येत नाही एवढंच नाही, तर आवाजाला खूण असते, खुणांना कोष्टक असतं, ही कल्पनाच त्याच्याकडे नाही. म्हणजे नाटकाचं मुख्य साधन एका पात्रापुरतं निकामी आहे.

नेपथ्यकाराला हे पटायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं असं की दोघांना संकेत येत असेल तर प्रेक्षक रमतील, आठला येत नसेल तर नाटक पुढे सरकणार कसं. मला उलट वाटतं. दोघांना संकेत येत असेल तर ते बोलतील, आणि बोलणाऱ्या माणसांचं नाटक आपल्याला आधीच बरंच माहीत आहे. इथे सात बोलेल आणि आठ त्याचं बोलणं ऐकेल, पण ऐकेल ते शब्द नव्हेत. इतक्या रात्री कोणीतरी जागं आहे आणि आपल्या भिंतीशी बसलंय, एवढंच त्याला कळेल. ते पुरेसं आहे का, हे तालमीत दिसेल.

३ जुलै

दोन्ही नटांना शेजारच्या दोन खोल्यांत बसवलं. मध्ये विटांची भिंत. दारं बंद, दिवे बंद, मोबाइल बाहेर. सातने ‘कोण’ विचारायचं. पुढे काय होतं ते पाहायचं.

मी सातच्या खोलीत कोपऱ्यात बसून टिपणं घेत होते. मुलाने कोण ठोकलं. वाट पाहिली. पुन्हा ठोकलं. पलीकडून काही नाही. त्याने तळहात भिंतीवर ठेवला, जणू आवाज हाताला आधी कळेल. मग कान टेकवला. बऱ्याच वेळाने पलीकडून आलं: एक, एक. ओरखडा. चार ओरखडे. तीन. पाच. जसंच्या तसं.

मुलाचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. कोण विचारल्यावर समोरून कोण आलं होतं. हा उलट प्रश्न की थट्टा की पहारेकऱ्याचा सापळा, हे तिन्ही त्याच्या चेहऱ्यावर एकामागून एक येऊन गेले. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. या तीन भावना या क्रमाने लिहून दिल्या असत्या तर त्या खोट्या वाटल्या असत्या.

नंतर ज्येष्ठ नटांना विचारलं की तुम्ही तसंच्या तसं का परतवलंत. ते म्हणाले, “दुसरं काय करणार? त्याचं ऐकू आलं हे त्याला कळायला हवं ना.”

हे वाक्य नाटकात नसेल, पण आठचं पात्र या वाक्यावर उभं आहे.

८ जुलै

नेपथ्याची बैठक. त्याआधी तुरुंगांच्या रचना पाहिल्या, कारण एकांत हा बांधकामातूनच घडवावा लागतो.

फिलाडेल्फियाचं ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी १८२९ मध्ये सुरू झालं. तिथे कैद्याला कोठडीबाहेर काढताना डोक्यावर टोपडं चढवत, म्हणजे त्याने कोणाला पाहू नये आणि त्याला कोणी ओळखू नये. लंडनच्या पेंटनव्हिलमध्ये, १८४२ पासून, हेच काम मुखवट्यांनी केलं. या दोन्ही ठिकाणी हेतू सुधारणेचा होता. माणूस गप्प राहिला, एकटा राहिला की त्याला पश्चात्ताप होईल, अशी ती श्रद्धा. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये श्रद्धेचाही प्रश्न नव्हता. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या इमारतीला मधल्या मनोऱ्यातून फुटणारे सात फाटे, आणि प्रत्येक फाट्यातल्या कोठड्यांची तोंडं शेजारच्या फाट्याच्या पाठीकडे. गजांतून बाहेर पाहिलं तर समोर माणूस नाही, भिंत.

डोळ्यांचा असा बंदोबस्त करणाऱ्या लोकांना भिंतीचा बंदोबस्त मात्र करता आला नाही. दोन कोठड्यांना वेगळं करणारी वस्तू त्या दोघांची सामाईक असते, त्याला इलाज नाही.

ठरलं ते असं: भिंत प्रेक्षकांकडे आडवी नाही, उभी. प्रेक्षकांना तिची जाडी दिसेल. दोन्ही नट तिला पाठ टेकून बसले की प्रेक्षकांना पाठीला पाठ लावलेली दोन माणसं दिसतील, आणि त्या दोघांना ते कधीच कळणार नाही.

१४ जुलै

आवाज. प्लायवुडची भिंत ठोकली की पोकळ वाजते, सगळी जादू जाते. दोन फळ्यांमध्ये वाळूच्या पिशव्या भरल्या, तेव्हा ती गप्पच झाली. आता मध्ये वाळू आणि ठोकण्याच्या जागेवर दोन्ही बाजूंनी खऱ्या विटांचा तुकडा, त्याच्या मागे कॉन्टॅक्ट माइक. हा माइक हवेतला आवाज धरत नाही, वस्तूची थरथर धरतो. कैद्याचा कान नेमकं हेच ऐकत असतो.

घन वस्तूतून आवाज वेगाने जातो. हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर, लोखंडात ५,००० च्या आसपास. वेगापेक्षा आम्हाला महत्त्वाचं हे की खोलीत उभ्या असलेल्या माणसाला जो ठोका जेमतेम ऐकू येतो, तो भिंतीला कान लावलेल्याला स्वच्छ ऐकू येतो. होआ लोमधले कैदी पत्र्याचा कप भिंतीला लावत आणि त्यावरून घोंगडी घेत. आवाज भिंतीत शिरावा, व्हरांड्यात जाऊ नये, ही धडपड. आमच्या ध्वनियोजनेत हा फरक दिसायलाच हवा: नटाचा कान भिंतीला लागला की ठोका जवळ येईल, कान सुटला की दूर जाईल. प्रेक्षकांनाही भिंतीला कान लावल्यासारखं वाटलं पाहिजे.

सातने बोटाचं पेर वापरायचं, आठने नख. दोन आवाज डोळे मिटूनही वेगळे ओळखू येतात.

१७ जुलै

पहारेकऱ्याच्या बुटांचं ध्वनिमुद्रण झालं. जिन्यावरचे पाय आधी सातला ऐकू येतात, कारण त्याची कोठडी जिन्याकडे आहे. आठकडे ते उशिरा पोचतात. ही गोष्ट पुढे कामाची ठरणार.

२३ जुलै

आज नाटकाला कणा मिळाला.

आठला स्वतःचं काहीतरी वाजवायला हवं होतं. नुसतं परतवत राहिला तर तो प्रतिध्वनी होईल, माणूस होणार नाही. ज्येष्ठ नटांनी त्याला नावाडी केलं. वल्हं पाण्यात पडतं तेव्हा एक ठोका. मग ओढ, तिथे मोकळी जागा. वल्हं वर येतं तेव्हा दुसरा ठोका. पुन्हा मोकळी जागा. एक… एक… एक… एक. आठ संध्याकाळ झाली की हे वाजवतो. कोणाला सांगायला नव्हे, हातांना सवय आहे म्हणून.

मुलगा पलीकडे बसला होता. तालीम थांबल्यावर तो धावत आला. “ते सारखं क क क म्हणताहेत!”

एक, थांबा, एक. आमच्या कोष्टकातला क. आम्ही कोणीच हे योजलं नव्हतं. आठ वल्हवतोय आणि सातला वाटतंय की हा वर्णमालेचं पहिलं अक्षर गिरवतोय. इतके दिवस जो नुसतं परतवत होता, तो आता शिकू लागला. मग सात काय करेल? अर्थातच ख देईल. एक-दोन. आणि आठला वाटेल की पलीकडच्या माणसाने वल्ह्याला आणखी एक ठोका जोडला, म्हणजे तोही नावेत बसला.

दोघांची समजूत चुकलेली, तरी दोघंही एकमेकांच्या जवळ सरकलेले. मी लिहून हे सुचलं नसतं. हा प्रसंग आता पहिल्या अंकाच्या मध्यावर येईल आणि त्याला लागेल तेवढा वेळ द्यायचा. घाई करायची नाही. सात क पासून म पर्यंत पूर्ण म्हणतो, एकेक अक्षर, आणि प्रत्येक अक्षरानंतर आठचं वल्हं पडतं.

३१ जुलै

सुटकेचा प्रश्न. आठला कुठूनतरी कानशीचा तुकडा मिळालेला आहे. कुठून ते दाखवायचं नाही. रात्री तो खिडकीचा गज कापतो. लोखंडावर कानस म्हणजे किंचाळणारा आवाज. शांत तुरुंगात तो दहा कोठड्या ओलांडून जाईल.

सातला ते कसं कळतं? एका रात्री तो नेहमीप्रमाणे अक्षरं ठोकत असतो. मध्येच थांबतो. पलीकडून काहीतरी घासल्याचा आवाज येत असतो, तोही त्याच क्षणी थांबतो. सात पुन्हा ठोकतो, घासणं सुरू. थांबतो, बंद. एवढंच. तिसऱ्यांदा ठोकायच्या आधी सात हात हवेत धरून बसतो. त्याला सगळं कळलेलं आहे. आपण वाजवत राहिलो तर तो सुटेल. आपण वाजवत राहिलो तर पहारेकरी आपल्या दारात येईल.

क्रोपोत्किनच्या सुटकेची हकीकत इथे सारखी मनात येते. १८७६, तुरुंगातून लष्करी रुग्णालयात हलवलेलं. समोरच्या घरात त्याच्या मित्रांनी एकाला व्हायोलिन घेऊन बसवलं होतं. रस्ता मोकळा असेल तोवर वाजत राहायचं, अडथळा दिसला की थांबायचं. तिथे सगळं आधी ठरलेलं होतं, चिठ्ठ्या गेल्या होत्या, घोडागाडी उभी होती. आमच्या नाटकात काहीच ठरलेलं नाही. पण सातला पावलं आधी ऐकू येतात, आणि तो थांबला की आठ थांबतो. म्हणजे सातचं वाजणं एकाच वेळी आडोसाही आहे आणि पहाराही. हे ठरवायला दोघांना एक शब्दही लागलेला नाही.

प्रकाशयोजनाकाराने विचारलं: सातला का मोह होत नाही? तोही कैदीच आहे, कानस त्यालाही हवी असणार. मोह होतो, आणि तो दाखवायचा. तो आपल्या खिडकीचे गज एकदा हाताने चाचपून बघतो. मग परत भिंतीशी येऊन बसतो. इथे नटाने चेहऱ्याने काही सांगू नये, अशी सूचना दिली आहे.

५ ऑगस्ट

सात रात्रभर काय ठोकतो, यावर दोन दिवस वाद चालला. एक सूचना फार जोरदार होती: चौकशीत मार खाऊनही जी नावं त्याने सांगितली नाहीत, ती तो इथे ठोकतो, कारण पलीकडे ऐकणाऱ्याला ती कळणारच नाहीत. ऐकताना अंगावर काटा आला. पण ती घेतली नाही. संकेत कैद्यांना येतो तसा पहारेकऱ्यांनाही येऊ शकतो, आणि ज्याने ती नावं जिवापाड सांभाळली तो ती भिंतीवर ठेवणार नाही. नाट्य वाढावं म्हणून त्याला बेजबाबदार करणं मला मान्य नाही.

सात वर्णमाला ठोकेल. तीच, पुन्हा पुन्हा. पहारेकऱ्याला संकेत येत असला तरी हाती लागेल ते क ख ग घ. सरकारदरबारी त्याची काय फिर्याद करणार? आणि हिशेबही नीट बसतो. क पासून म पर्यंत एका फेरीला बरोबर दीडशे ठोके पडतात. मधले थांबे धरून दोनेक मिनिटं सहज जातात. डोकं थकलं तरी हात ते करत राहतो.

९ ऑगस्ट

वरच्या पडद्यावर अक्षरं दाखवायची की नाही? पहिल्या खर्ड्यात होती. आज ती काढून टाकली. अक्षरं दिसली की प्रेक्षक वाचतात, ऐकत नाहीत. आणि ती दिसली तर प्रेक्षक सातच्या बाजूचे होतात, आठ बाहेर राहतो. ज्याला कोष्टक येत नाही त्याच्याइतकंच प्रेक्षकालाही माहीत असू दे. ज्यांच्या ध्यानात येईल, त्यांच्या येईल.

१६ ऑगस्ट

सलग तालीम. दुसऱ्या अंकात सातच्या ब्लँकेटवर आणि उजेडावर गदा येते. झडप उघडते, दार उघडतं, अंधार होतो, आवाज येतात. दिवे लागतात तेव्हा त्याचा उजवा हात कापडात गुंडाळलेला असतो. तो डाव्या हाताने सुरू करतो. एक-एक. एक-दोन.

याच ठिकाणी ज्येष्ठ नटांची कानस थांबली. संहितेत तिथे थांबा नव्हता. नंतर ते म्हणाले, “मला आज कळलं तो काय वाजवतोय. वर्गातल्या बाकावर बसून आम्ही जे ओरडायचो तेच. कळू नये म्हणून इतके दिवस जपलं होतं.” त्यांना वाटलं अट मोडली. मला तसं वाटत नाही. आठला अक्षरं कळणार नाहीत, पण ठोके चढत जातात, मग पुन्हा एकापासून सुरू होतात, हे त्याला कळू शकतं. कोणीतरी आपल्यासाठी पहिल्यापासून मोजतंय. आणि हात बदललाय, म्हणजे पलीकडे काय झालं असेल, तेही. थांबा ठेवला. त्यानंतर आठ जास्त जोराने कापू लागतो. आभार मानायची ती एकच पद्धत त्याच्याजवळ आहे.

२४ ऑगस्ट

शेवट. गज निघतो त्या रात्री आठ जाताना भिंतीवर काही वाजवतो का?

सगळ्यांना हवं होतं की वाजवावं. मुलाला हवं होतं, मलाही. वल्ह्याचा एक ठोका तरी. पण नीट विचार केला की ते शक्य नाही. त्या घटकेला आठच्या बाजूने गेलेला कुठलाही जास्तीचा आवाज पहारेकऱ्याला सातच्या भिंतीपर्यंत आणेल, आणि सकाळी रिकामी कोठडी सापडली की ते दोन आवाज जोडले जातील. आठ हे ओळखतो. तो भिंतीजवळ येतो, हात वर नेतो, आणि न वाजवता जातो. सात निरोपाची वाट बघत राहतो, तो येत नाही, आणि का आला नाही हे त्यालाही कळतं.

मग सातचं काम वाढतं. उजाडेपर्यंत पहारेकऱ्याला दोन्ही कोठड्यांत माणूस आहे असं वाटलं पाहिजे. तो वर्णमाला चालू ठेवतो आणि प्रत्येक अक्षरानंतर आठचं वल्हंही स्वतःच वाजवतो. पेराने सात, नखाने आठ.

३० ऑगस्ट

शेवटच्या प्रवेशाची तांत्रिक तालीम. एकाच माणसाच्या दोन हातांतून दोन माणसं ऐकू येणं कठीण जातंय. जखमी उजव्या हाताचं नख वल्ह्यासाठी, डाव्याचं पेर अक्षरांसाठी, असं वाटून घेतलं. आठच्या बाजूचा माइक या प्रवेशात बंद करायचा, म्हणजे नखाचा आवाजही सातच्याच विटेतून येईल आणि किंचित वेगळा लागेल. कान असलेल्या प्रेक्षकाला फरक कळेल. पहारेकऱ्याला कळू नये, म्हणून बुटांचा आवाज झडपेशी थांबतो, झडप उघडत नाही, पावलं पुढे जातात. त्या थांब्याची लांबी अजून ठरायची आहे. ध्वनियोजनाकार उद्या तीन वेगवेगळ्या लांबींचं मुद्रण आणणार आहे. विटेच्या तुकड्याला तडा गेलाय, तो बदलून घ्यायचा, पण नवी वीट आधी दोन्ही नटांनी ऐकून पाहायची.